माडीवरची खोली पाहुण्यांना देताना

गुहागर, तारकर्ली, गणपतीपुळे, कुठेही असा. सीझनला दोन खोल्या भाड्याने देणार असाल तर आधी कागद नीट करा. राज्य पर्यटनाच्या 'निवास व न्याहरी' योजनेत नोंदणी करा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखलाही विचारून घ्या. घर वडिलोपार्जित असेल तर मुंबईतल्या चुलतभावांची संमती लेखी हवी. भांडणं इथूनच सुरू होतात, आणि मग हंगामाच्या मधोमध खोली बंद ठेवावी लागते.

प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र बघून वहीत नाव, पत्ता, फोन लिहा. आधारची प्रत घेतलीच तर पहिले आठ आकडे झाकलेली घ्या. परदेशी पाहुणा आला तर त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (ज्याला 'सी फॉर्म' म्हणतात) 24 तासांच्या आत ऑनलाइन भरायचाच, एका रात्रीसाठी असला तरी. बरेच घरमालक हे विसरतात, आणि हे विसरणं महागात पडतं.

जेवण देत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, आणि घरगुती 14.2 किलोचा लाल सिलिंडर या धंद्याला चालत नाही. घराच्या विम्यात भाड्याचे पाहुणे धरलेत का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

मला सर्वात जास्त काळजी विहिरीची आणि समुद्राची वाटते. परसातल्या विहिरीला कठडा आणि जाळी हवीच. शहरातल्या पोरांना अंधारात ती दिसत नाही. भरती-ओहोटीच्या वेळा दारावर रोज खडूने लिहा, आणि पावसाळ्यात पाण्यात उतरू नका हे पाहुण्यांना तोंडाने सांगा.