राखीव जागा कागदापायी जाऊ नये म्हणून: शिकलेल्यांनी हाती घ्यायचं एक काम

गुण पुरेसे असतात, यादीत नाव लागतं आणि तरी जागा जाते, कारण जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याचा कागद, मुदतीत आलेलं नसतं. मुलगी खुल्या प्रवर्गात टाकली जाते, तिथल्या कटऑफला ती बसत नाही आणि वर्ष हातचं जातं. आरक्षणावर वाद घालणारे वकील, इंजिनिअर, प्राध्यापक, सीए गावोगाव आहेत. त्यांतल्या प्रत्येकाने आपल्या वस्तीतल्या दहा मुलांच्या फायली वेळेत पुऱ्या करून दिल्या, तर राजकारणात शिकलेल्यांनी काय करायचं याचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखल्या, पण त्याच काळात कोल्हापुरात वसतिगृहंही उभी केली. नुसत्या हुकमाने भागत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

कामाला सुरुवात दहावीच्या निकालानंतर लगेच करा. बारावीचं वर्ष सुरू होताना वैधतेचा अर्ज समितीकडे पोचलेला हवा. निकालानंतर धावाधाव केली तर गर्दीत फाईल अडकते.

आधी जातीचा दाखला. तो प्रांत कार्यालयातून मिळतो, अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर करायचा. यात कळीची असते मानीव तारीख: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी घराणं जिथे राहत होतं, तिथल्या प्रांताकडे जायचं. आज कुटुंब पुण्यात असलं तरी १९६७ साली आजोबा माढ्याला असतील, तर दाखल्याची वाट माढ्यावरून जाते. इथे चूक झाली की पुढची सगळी फाईल परत येते.

मग वैधता. दाखला काढला म्हणजे जात सिद्ध झाली, असा समज सर्रास आढळतो. २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यायची. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. जिल्हा समितीच्या अर्जाला नमुना ३ आणि नमुना १७ ची शपथपत्रं जोडावी लागतात आणि नमुना १५ अ वर महाविद्यालयाचा सही-शिक्का लागतो. महाविद्यालयातून हा कागद सुट्टी लागण्याआधीच घ्या.

फाईलचा कणा म्हणजे वंशावळ. कोऱ्या कागदावर पणजोबांपासून खाली सगळी माणसं मांडा: आजोबा, त्यांचे भाऊ, चुलते, आत्या, वडील, मूल. मग प्रत्येक नावासमोर एक तरी पुरावा जोडत चला. पुरावा मानीव तारखेच्या आधीचा असेल तर त्याचं वजन मोठं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी म्हणजे कोतवाल बुक, जुने फेरफार आणि वारस नोंदी, आजोबा नोकरीत असतील तर सेवापुस्तकाचं पहिलं पान. मोडीतला कागद असेल तर जाणकाराकडून देवनागरीत करून घ्या. वंशावळ नेहमी वडिलांकडची. लग्न झालेल्या मुलीनेही माहेरचेच कागद द्यायचे. सासरचे कागद जोडलेली फाईल त्रुटीत निघते.

गफलत कुठे होते ते एका उताऱ्यावरून बघा. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत नाव ‘गणू रामा’, आडनाव नाही, जातीच्या रकान्यात ‘हिंदू माळी’. वडिलांच्या दाखल्यावर ‘गणपत रामचंद्र’ आणि मागे गावावरून आलेलं आडनाव. मुलाच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग आणखी तिसरं. माणूस एकच आहे, पण समितीपुढे तीन माणसं उभी राहतात. त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र करा आणि दोन्ही नावांना जोडणारा कागद शोधा. सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीत तो बऱ्याचदा सापडतो. जातीच्या रकान्यात खाडाखोड दिसली किंवा शाई वेगळी वाटली, तर ती नोंद पुढे करण्याआधी मूळ रजिस्टर स्वतः बघून या. समितीचं चौकशी करणारं दक्षता पथक ते बघणारच असतं. खोट्या कागदावर मिळालेला प्रवेश नंतरही रद्द होतो, शिवाय तो गुन्हा आहे. अशा फायलीला हात लावू नका.

जिल्हा परिषदेची शाळा ‘रजिस्टर सापडत नाही’ म्हणाली तर वाद घालत बसू नका. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. नोंद खरंच नसेल तर तसं लेखी घ्या, तो कागदही फाईलला लागतो.

वडील, सख्खा भाऊ किंवा चुलता यांच्याकडे वैधता असेल तर तिची प्रत सगळ्यात वर लावा. रक्तनात्यातल्या वैधतेला उच्च न्यायालयाने अपूर्वा निचळे प्रकरणात (२०१०) मोठं महत्त्व दिलं आहे. ती फसवणुकीने मिळवलेली नसेल तर समितीला ती सहज बाजूला सारता येत नाही. वकील मित्रांचा खरा उपयोग इथे होतो.

नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घर प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, बाकीच्या मागास प्रवर्गांना लागतं. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, पण ती मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरदाराच्या बाबतीत आई-वडिलांचं पद बघतात. हे न कळल्याने कितीतरी पात्र घरं अर्जच करत नाहीत. आयआयटी, एनआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यातल्या एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) दाखल्यावर केंद्रात ओबीसीची जागा मिळत नाही.

कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, विकल्प अर्ज भरताना सोबत बसा. जागांचे संकेत वाचायला शिकवा: ‘जीओबीसीएच’ म्हणजे सर्वसाधारण, ओबीसी, गृह विद्यापीठ, पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर मुलींची जागा. खुल्या जागा गुणवत्तेवर सर्वांना खुल्या असतात, म्हणून राखीव प्रवर्गातल्या हुशार मुलाने खालची कॉलेजं आधी टाकून स्वतःचं नुकसान करू नये. वैधतेच्या जागी अर्जाची पावती चालते का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दरवर्षी सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघायचं. गेल्या वर्षीचं ऐकीव धरून चालू नका.

फायली हाताळल्या की दिसू लागतं की अडचण वरची आहे: समितीला अध्यक्ष नाही, दक्षता पथकाला माणसं नाहीत. किती अर्ज किती महिन्यांपासून पडून आहेत, हा आकडा माहिती अधिकारात मागवा आणि तो कागद घेऊन आमदारांना भेटा. अधिवेशनात प्रश्न विचारायला त्यांना तोच लागतो. सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियमांमुळे पक्षाच्या मंडपात बसता येत नाही; वाचनालयात बसून मदत करा, बॅनर नको. निवडणुकीतही हेच प्रमाणपत्र लागतं. ग्रामपंचायतीची राखीव जागा लढवणाऱ्याची वैधता मुदतीत आली नाही तर निवडून आलेलं पद जातं. शिकलेल्या तरुणीला पुढच्या पंचायतीला उभं करायचं असेल तर तिची फाईल आजच उघडा.

विधान परिषदेत पदवीधरांच्या ७ जागा आहेत, तिथे तरी आपलं मत वाया जाऊ देऊ नका. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी पदवी मिळून ३ वर्षं झालेली हवीत. पदवीधरांच्या मतदार यादीत नाव घालायला नमुना १८ भरून पदवीची साक्षांकित प्रत जोडायची. विधानसभेच्या यादीत नाव असणं इथे पुरत नाही आणि ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. सहा वर्षांपूर्वी नाव होतं म्हणून निर्धास्त राहिलेल्याला मतदानाच्या दिवशी परत फिरावं लागतं. फायलींसाठी येणाऱ्या पालकांमध्ये, मोठ्या भावंडांमध्ये कोण पदवीधर आहे ते विचारा आणि त्यांचे नमुना १८ तिथेच भरून घ्या.