गरोदरपणात कोरोना झाला तर वारेकडे लक्ष कसं ठेवावं

गरोदर बाईला कोरोना झाला की घरचे तिचा ताप बघतात, खोकला बघतात, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजनचा आकडा बघतात. वार, म्हणजे पोटातल्या बाळाला आईकडून ऑक्सिजन आणि अन्न पुरवणारा अवयव (प्लासेंटा), कुणाच्या ध्यानात येत नाही. ती दिसत नाही आणि दुखतही नाही. पण आई बरी असताना पोटातलं बाळ दगावल्याच्या ज्या घटना जगभर नोंदल्या गेल्या, त्यांतल्या अनेकींत वार निकामी झालेली आढळली. आणि आईचा ताप एका दिवसात उतरला म्हणून वार शाबूत आहे, असं गृहीत धरता येत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी लिहिलं आहे.

वारेत नेमकं काय होतं

दिवस भरल्यावर वार साधारण अर्धा किलो भरते आणि २० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते. तिच्यात आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. पाणी भरलेल्या वाफ्यात भाताच्या रोपाच्या मुळ्या पसराव्यात, तसे बाळाच्या बाजूचे बारीक तंतू आईच्या रक्तात बुडालेले असतात आणि तिथून ऑक्सिजन आणि अन्न उचलतात. कोरोनाचा विषाणू काही जणींत या तंतूंवरच्या पेशींपर्यंत पोचतो. त्या पेशी मरतात, पांढऱ्या पेशी तिथं गर्दी करतात आणि रक्त गोठताना तयार होणारं फायब्रिन नावाचं चिवट द्रव्य तंतूंभोवती थरावर थर साचतं. रक्त फिरायला जागाच उरत नाही.

२०२२ मध्ये १२ देशांतल्या अशा ६८ बाळांच्या वारा तपासून डॉक्टरांनी माहिती प्रसिद्ध केली. ६४ बाळं पोटातच गेली होती, ४ जन्मल्यावर गेली. वारेचा सरासरी ७७.७ टक्के भाग बिघडलेला होता. विषाणूनं बाळाचं शरीर पोखरलं असं बहुतेकांत दिसलं नाही, ती बाळं ऑक्सिजनअभावी गेली. यातल्या मातांपैकी एकीनंही लस घेतलेली नव्हती.

हे वाचून घाबरायचं कितपत? अमेरिकेत मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळातल्या साडेबारा लाखांच्या आसपास बाळंतपणांत, कोरोनाची नोंद असलेल्या बायकांत मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण १.२६ टक्के निघालं, इतरांत ०.६४ टक्के. डेल्टा नावाच्या कोरोना-प्रकाराच्या लाटेत धोका जास्त होता. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ नव्व्याण्णव जणींचं बाळ जिवंत जन्मलं. बहुतेकींची वार या आजारातही आपलं काम करत राहते. लक्ष ठेवायचं ते उरलेल्या थोड्यांसाठी, कारण त्या थोड्या कोण हे आधी कळत नाही.

ताप आला त्या दिवशी

तपासणी करून घ्या, आणि तारीख लिहा. ताप कधी सुरू झाला, तपासणी कधी झाली, तेव्हा कितवा आठवडा होता, हे तिन्ही तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं नोंदीचं कार्ड) आशाताईंकडून लिहून घ्या. आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात याला जास्त महत्त्व आहे. सासर कर्नाटकात निपाणीला, माहेर महाराष्ट्रात कागलला किंवा चंदगडला, आणि सातव्या महिन्यानंतर बाई माहेरी. इकडचं कार्ड, तिकडचा दवाखाना, केसपेपरवर कानडी आणि इंग्रजी, आणि तिथल्या डॉक्टरांना कोरोनाचा पत्ताच नाही. २०२१ मध्ये कोगनोळीच्या सीमा नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय गाडी सोडत नव्हते, तेव्हा निदान कागद पिशवीत असायचा. आता कुणी विचारत नाही, म्हणून तो घरीच राहतो. कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट आणि कोरोनाचा रिपोर्ट यांचे मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्येही ठेवा.

तापाला पॅरासिटामॉल चालतं. अंगदुखीसाठी मेडिकलवरून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेऊ नका. वीस आठवड्यांनंतर ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. स्टेरॉइड आणि रक्त पातळ करणारी इंजेक्शनं हा डॉक्टरांचा निर्णय, शेजारणीला दिली होती म्हणून मागायची नाहीत. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी आधीपासून ॲस्पिरिनची लहान गोळी लावली असेल, तर ती मनानं बंदही करू नका. ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला किंवा बोलताना धाप लागली, तर रात्र असली तरी निघायचं.

त्यानंतरचे तीन-चार आठवडे

खरं काम इथं आहे, आणि नेमकं इथंच सगळे ढिले पडतात. वारेचं नुकसान झालंच तर ते बहुधा संसर्गानंतरच्या काही दिवसांत ते काही आठवड्यांत समोर येतं. तोवर बाई बरी होऊन कामाला लागलेली असते. बाहेरून कळण्यासारखी खूण एकच: बाळाची हालचाल मंदावणं.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज एका ठरलेल्या वेळी हालचाल मोजा. संध्याकाळचं जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर आडवं व्हा, फोन बाजूला ठेवा. वाटीत दहा शेंगदाणे घ्या, बाळ हललं की एक उचलून बाजूला ठेवायचा. लाथ, वळणं, ढुशी, सगळं धरायचं. उचकी धरायची नाही. दोन तासांत दहा झाले पाहिजेत. बहुतेकींचे त्याच्या कितीतरी आधी होतात, आणि आपल्या बाळाचा नेहमीचा वेग चार-पाच दिवसांत कळतो. दहा पुरे झाले तरी रोज वीस मिनिटांत होणाऱ्यांना आज पावणेदोन तास लागले, तर तोही बदलच. दवाखान्यात कळवायचा.

निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसतात. हात चालू असतात, मान खाली, लक्ष हजार विड्यांच्या हिशेबात. अशा वेळी बाळ कधी हललं आणि कधी नाही, ते ध्यानात राहत नाही. त्यात तंबाखूची धूळ गरोदर बाईला वाईट ती वाईटच. मोजायच्या वेळेला सूप खाली ठेवायचं, यावर तडजोड नको. उसाच्या फडात जाणारीनंही संध्याकाळची वेळ राखावी.

घरात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "अगं, दिवस भरत आल्यात, जागा कुठं हाय त्याला हलायला?" आत्याबाईंचा मान ठेवून सांगतो, हे चूक आहे. शेवटच्या महिन्यात हालचालीची तऱ्हा बदलते, मोठ्या लाथांऐवजी वळवळ जाणवते. पण हालचाल कमी होत नाही. गार पाणी प्या, गोड खा, सकाळपर्यंत बघू, हेही त्यातलंच. कमी वाटली की त्याच दिवशी जायचं.

दवाखान्यात गेल्यावर

पहिल्याच वाक्यात सांगा: "अमुक तारखेला कोरोना झाला होता, आज बाळ कमी हलतंय." नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलं तर रांगेत बसाल. डॉक्टर पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतील, त्याला एनएसटी म्हणतात. गरजेप्रमाणे डॉपलरसकट (रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी तपासणी) सोनोग्राफी करतील. गेल्या आठवड्यातली सोनोग्राफी चांगली होती, यावर निवांत राहू नका. हा बिघाड थोड्या दिवसांत होऊ शकतो. रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीनही बघून घ्या, कारण कोरोनानंतर गरोदरपणातला रक्तदाब वाढण्याचं प्रमाणही जास्त आढळलं आहे. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढं काजवे, चेहऱ्याला सूज, यांपैकी काहीही झालं तर थांबायचं नाही.

कुठं जायचं, हे ताप आलेल्या आठवड्यातच ठरवून ठेवा. जवळच्या दवाखान्यात एनएसटीचं यंत्र आहे का आणि रात्री ते चालवणारं कुणी असतं का, एवढं विचारा. बेळगावात बिम्सचा (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा) जिल्हा दवाखाना आहे, केएलईचं इस्पितळ आहे. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं. जांबोटी-कणकुंबीकडच्यांचा प्रश्न वेगळा. पावसाळ्यात तिथं फोनची रेंजही जाते आणि रस्त्यावर झाडही पडतं. दिवस भरत आले असतील आणि नुकताच कोरोना होऊन गेला असेल, तर खानापुरात किंवा बेळगावात पावण्यांकडं राहायला जाणं बरं.

पहिल्या तीन-चार महिन्यांत कोरोना झाला असेल तर मोजण्यासारखं काही नसतं. तारीख लिहायची, अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही, बस्स.

बाळंतपण झाल्यावर वारेचं काय

कोरोना नुकताच झालेला असेल, आणि बाळ दिवसांआधी जन्मलं, वजनानं कमी भरलं किंवा गेलं, तर वार पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवायला सांगा. हे कळा सुरू होण्याआधी बोलून ठेवावं लागतं, कारण एरवी ती लगेच दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. कित्येक घरांत वार मागून आणून पुरायची पद्धत आहे. तपासणीला जाणारी वार फॉर्मेलिनमध्ये बुडवतात. ती परत आणून अंगणात पुरण्यासारखी नसते, हे घरच्या मोठ्यांना आधीच समजावून ठेवा. ताप येऊन चार महिने झाले, बाळ तीन किलोचं आणि खणखणीत रडलं, तर तपासणीचा हट्ट नको.

बाळाला अंगावर पाजायचंच, आईला अजून खोकला असला तरी. मास्क लावून, हात धुऊन. वारेतून बाळाला संसर्ग होणं विरळ आहे. लसीचं म्हणाल, तर भारतात गरोदर बायकांना ती २ जुलै २०२१ पासून खुली झाली. आता डोस घ्यायचा का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

वारेचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. त्यात "हिस्टिओसायटिक इंटरव्हिलोसायटिस" (तंतूंमधल्या जागेत पांढऱ्या पेशींची गर्दी) किंवा "पेरिव्हिलस फायब्रिन" (तंतूंभोवती साचलेलं फायब्रिन) असे शब्द असले, तर तो कागद जपून ठेवा. हेच दोन बिघाड कोरोनाशिवायही होतात, आणि तसे झाले असतील तर पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची भीती बरीच असते. त्यामुळं कारण कोरोनाच होतं का, यावर पुढच्या गरोदरपणातली सगळी देखरेख ठरते. वार पाठवताना फॉर्मवर संसर्गाची तारीख आणि आठवडा लिहिलाय का, हे नर्सबाईंना तिथंच विचारून घ्या.