कॉलेजची कबड्डी टीम यंदा किती पाण्यात आहे, हे कसं ओळखावं

पोळा झाला की माझ्या टपरीवर एकच प्रश्न येतो, "काका, यंदा आपले पोट्टे कुठवर जाते?" यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. टपरी कॉलेजच्या ग्राउंडसमोर, त्यामुळे अठरा वर्षांपासून प्रॅक्टिस फुकटात पाहतो. अंदाज चुकवून चुकवून जे शिकलो ते सांगतो. तुमच्या गावच्या टीमलाही लावून पाहा.

आधी कागद घ्या. गेल्या वर्षीचे १२ जण लिहा आणि पास होऊन गेलेले खोडा. मग पोलीस भरतीवाले शोधा. पहाटे साडेपाचला डांबरी रोडवर १६०० मीटर मारणारा पोट्टा संध्याकाळी ग्राउंडवर दिसतो खरा, पण पाय वाचवून खेळतो. गुडघा गेला तर भरती गेली, त्याचंही बरोबर आहे. असा गडी अर्धाच धरावा. यंदा आमचे ५ गेले, दोघं भरतीवाले. म्हणजे हाताशी सहा.

आता खरी गोम. सगळं गाव चढाईवाल्याला पाहते. मीही तेच करायचो. एका वर्षी आर्णीकडचा एक पोट्टा आला होता, चौघांच्या मधून बोट लावून मासोळीसारखा निसटायचा. मी छातीठोक सांगून टाकलं की आपण फायनल खेळतो. उपउपांत्य फेरीतच घरी आलो. समोरच्यांनी त्याला दोनदा धरला आणि तो बाकावर बसून राहिला. कबड्डीत बाद झालेला गडी आपली बाजू गुण मिळवेल तेव्हाच आत येतो, तेही ज्या क्रमाने बाद झाला त्या क्रमाने. आमच्या कोपऱ्यांना, म्हणजे बचावात दोन टोकांना उभ्या राहणाऱ्या गड्यांना, पकड जमेना, मग त्याला आत आणणार कोण?

म्हणून कोपरे पाहा. त्यासाठी मध्यरेषेजवळ उभं राहू नका, तिथून फक्त चढाई दिसते. मागच्या रेषेमागे जा आणि कोपऱ्यावरच्या पोट्ट्याचे पाय बघा. चढाईवाल्यानं पाय नुसता झुलवला की जो झेपावतो तो कच्चा. जो पुढचा पाय जमिनीला टेकायची वाट पाहतो आणि मग घोट्याला हात घालतो तो पक्का. पण एकट्या घोट्यानं भागत नाही. कोपऱ्यानं हात घातल्याबरोबर शेजारचा मध्यरक्षक अंगावर येतो का, तेही मोजा. मी दहा पकडी मोजतो. सहा वेळा आला तर टीम बरी. आमचा डाव्या बाजूचा मध्यरक्षक काल तीनदाच आला, बाकी वेळ बघे लोक परवडले.

डोकं तपासायचं असेल तर चहा देताना विचारायचं. माझा ठरलेला प्रश्न आहे: "आपले पाच उरले, समोरचा बोनस रेषेकडं चालला. काय करशीन?" नवा पोट्टा म्हणतो, "धरतो न काका." मी म्हणतो, "काऊन बे? बोनस आहे का त्याले?" बोनस म्हणजे चढाईवाल्याला ती रेषा ओलांडल्याचा जास्तीचा गुण, आणि तो मिळायला बचाव करणाऱ्यांचे आत किमान सहा जण लागतात. पाच असताना तो रेषा ओलांडून नाचला तरी शून्य. उलट घाईनं धरायला गेलं की तो हात लावून पळतो. यंदा सात जणांना विचारलं, दोघांनीच बरोबर सांगितलं. तसंच तिघं उरले की काही टीमचे खांदे पडतात. खरं तर तिघं किंवा कमी असताना पकड झाली तर एक गुण जास्तीचा मिळतो. आमच्या सरांना सांगून मी तिघांवर एक अशी प्रॅक्टिस लावून घेतली. चहाचे पैसे मात्र सरांनी तरीही दिले.

बुटाच्या जोड्याही मोजा. हसू नका. आपले पोट्टे मुरूम टाकलेल्या ग्राउंडवर अनवाणी खेळतात आणि मोठ्या सामन्यांना मॅट असते. मॅटवर पाय चिकटतो, वळताना घोटा मुरगळतो. आमच्याकडं चार जोड्या आहेत, त्यात एक फाटकी. ज्या टीमकडं बारा जोड्या दिसतील तिला एक फेरी जास्त द्या.

ड्रॉ निघाला की अमरावतीची शारीरिक शिक्षणवाली पोरं कोणत्या बाजूला आहेत ते पाहा. ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली, त्याच गावच्या मातीतली ती. दुसऱ्या बाजूला असली तर आनंदानं एक कट चहा जास्त प्यावा.

शेवटचं, आणि हे शहरातल्या जाणकारांच्या डोक्यात येत नाही: सोयाबीन. सोंगणी लागली की अर्धी टीम शेतात. कोणाच्या घरी मजूर मिळाले, कोणाकडं बाप एकटाच आहे, हे मला बाजाराच्या दिवशी कळते. आमचा उजवा कोपरा, टीमचा कणा, त्याच्या घरी सहा एकर सोयाबीन उभं आहे आणि भाऊ पुण्याला. सोंगणी आठवड्यात आटोपली तर मी उपांत्य फेरी सांगतो. पाऊस आला आणि थ्रेशर लांबलं तर दुसऱ्या फेरीच्या पुढं नाही.

काल अंधार पडता पडता तो आला. हातभर ओरखडे, केसात भुसा. म्हटलं, "किती राह्यलं?" म्हणे, "दोन एकर, काका." चहा उभ्यानंच प्यायला, चप्पल टपरीखाली सारली आणि ग्राउंडवर गेला.