आयव्हीएफसाठी इंजेक्शनांची पद्धत कशी निवडावी

आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करून भ्रूण गर्भाशयात ठेवण्याचा उपचार, करायचा ठरला की बहुतेक जोडप्यांची पहिली चौकशी "इंजेक्शने किती आणि खर्च किती" अशी असते. ती रास्तच आहे. परंतु त्याआधी एएमएचचा (अंडाशयातील बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) रिपोर्ट आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून दिसलेल्या लहान फॉलिकलची (बीज वाढते त्या पिशव्यांची) संख्या समोर ठेवावी, कारण औषधाचा डोस आणि पद्धत मुख्यतः या दोन गोष्टी, वय आणि आधीच्या आयव्हीएफ सायकलचा (उपचाराच्या फेरीचा) अनुभव यांवरून ठरते. मैत्रिणीला कोणती पद्धत लागू पडली, याचा येथे फारसा उपयोग नाही.

अँटागोनिस्ट पद्धतीत पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून एफएसएच किंवा एचएमजी या फॉलिकल वाढवणाऱ्या संप्रेरकांची रोजची इंजेक्शने सुरू होतात आणि साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून, किंवा मोठे फॉलिकल 14 मिलीमीटरच्या आसपास पोहोचल्यावर, ते वेळेआधी फुटू नये म्हणून सेट्रोरेलिक्स हे अँटागोनिस्ट इंजेक्शन जोडले जाते. दुसऱ्या, लाँग प्रोटोकॉल नावाच्या पद्धतीत आधीच्या पाळीच्या एकविसाव्या दिवसाच्या सुमारास ल्युप्रोलाइड सुरू करून अंडाशय आधी शांत केले जातात, त्यामुळे इंजेक्शनांचे दिवस बरेच वाढतात. मूल होण्याचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखे आढळले आहे. मात्र अंडाशय अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साठण्याचा, म्हणजे ओएचएसएसचा, धोका अँटागोनिस्टमध्ये कमी असतो. पीसीओएस (अंडाशयांत लहान फॉलिकल खूप असण्याचा विकार, ज्यात हा धोका अधिक असतो) असलेल्या स्त्रीला लाँग प्रोटोकॉल सुचवला गेला, तर कारण अवश्य विचारावे.

खरा फरक शेवटच्या ट्रिगर इंजेक्शनात, म्हणजे बीजे काढण्याआधी ती पक्व करणाऱ्या इंजेक्शनात, दिसतो. अँटागोनिस्टमध्ये एचसीजी या नेहमीच्या संप्रेरकाऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचा ट्रिगर देता येतो. त्यासोबत सर्व भ्रूण गोठवून पुढच्या एखाद्या महिन्यात प्रत्यारोपण केल्यास ओएचएसएसचा धोका फारच खाली येतो. लाँग प्रोटोकॉलमध्ये ल्युप्रोलाइड आधीपासूनच चालू असल्याने ही सोय नसते.

अंडाशयातील साठा कमी असेल तर डोस वाढवत नेल्याने बीजे वाढतातच असे नाही आणि रोजच्या 300 युनिटच्या पुढे जाण्याने विशेष फायदा दिसलेला नाही. अशा वेळी लेट्रोझोल या गोळ्यांसह सौम्य उत्तेजनाचा पर्याय विचारावा. बीजे कमी मिळतात, पण औषधांचा खर्चही उतरतो. सेट्रोरेलिक्सऐवजी प्रोजेस्टेरॉन गटातील गोळ्या देण्याची पद्धत स्वस्त पडते, परंतु त्यात भ्रूण गोठवावेच लागतात, तेव्हा गोठवण्याचा आणि नंतरच्या प्रत्यारोपणाचा खर्च धरूनच तुलना करावी.

सोनोग्राफीच्या फेऱ्या बऱ्याच होतात. पुण्यात हडपसर किंवा वाघोलीहून डेक्कनला सकाळच्या गर्दीत यायचे असेल तर नोकरीतली सवलत आधीच मागून ठेवावी. ट्रिगरची वेळ मात्र काटेकोर पाळावी, कारण बीजे साधारण 34 ते 36 तासांनी काढली जातात. त्यानंतर पोट फुगणे, लघवी कमी होणे, वजन झपाट्याने वाढणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही जाणवले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करावा. तो क्रमांक पहिल्या इंजेक्शनाच्या दिवशीच मागून घ्यावा.