पणजीच्या रेखांशावरून हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटांचा अभ्यास कसा करावा

दूरच्या निर्मनुष्य बेटांची ओळख करून देताना बहुधा शोधकर्त्याच्या नावापासून आरंभ केला जातो. माझ्या मते तो नकाशापासून करावा. हिंदी महासागराचा नकाशा पसरून पणजीवर, म्हणजे सुमारे ७३° ५०′ पूर्व रेखांशावर, पट्टी ठेवावी आणि थेट दक्षिणेकडे रेघ ओढावी. मालदीवच्या पूर्वेकडून उतरणारी ही रेघ पुढे जवळजवळ सगळी पाण्यावरूनच जाते आणि ५३° दक्षिण अक्षांशाजवळ हर्ड बेटाच्या पूर्व टोकापाशी पोहोचते. अंतर विद्यार्थ्यांनीच काढावे: अक्षांशांतील फरक साधारण साडेअडुसष्ट अंश, एका अंशाचे १११ किलोमीटर, म्हणजे सुमारे ७,६०० किलोमीटर.

त्यानंतर उंचसखलपणा पाहावा. हर्डचे क्षेत्रफळ सुमारे ३६८ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जेमतेम एक दशांश. तरीही मध्यभागी मॉसन शिखर हा जागृत ज्वालामुखी २,७४५ मीटरपर्यंत चढतो. बेटाचा बहुतेक भाग बर्फाखाली असून हिमनद्या थेट समुद्राकडे उतरतात, त्यामुळे सपाट किनारा फार थोडा उरतो. हे मोजके सपाट पट्टे पेन्सिलीने रंगवून ठेवावेत, कारण बेटाचा इतिहास तिथेच घडला.

२५ नोव्हेंबर १८५३ रोजी जॉन हर्ड या अमेरिकन कप्तानाला हे बेट दिसले, तर मॅकडोनाल्ड बेटे विल्यम मॅकडोनाल्डला जानेवारी १८५४ मध्ये दिसली. १८५५ पासून शिकारी याच पट्ट्यांवर उतरले, कारण हत्ती-सील (समुद्रात राहणारे प्रचंड मोठे सस्तन प्राणी) पिलांना जन्म देण्यासाठी तिथेच येतात. सीलची चरबी कढवून तेल पिंपांत भरायचे, हाच त्यांचा धंदा होता, आणि १८८० पर्यंत कळप इतके विरळ झाले की तो धंदाच बसला. या संहाराची नोंद शोधाच्या तारखेइतक्याच ठळकपणे व्हायला हवी. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये ब्रिटनने ही बेटे ऑस्ट्रेलियाकडे सोपवली. तेव्हा हर्ड बेटावरील ॲटलस कोव्ह या लहान खाडीपाशी उभारलेले संशोधन केंद्र १९५५ मध्ये बंद झाले. १९९७ पासून ही बेटे जागतिक वारसा स्थळांत आहेत.

मॅकडोनाल्ड बेटांसाठी मात्र जुना नकाशा एकटा पुरणार नाही. १९९० च्या दशकात तिथला ज्वालामुखी पुन्हा जागा झाला, लाव्हारसाने मुख्य बेट जवळपास दुप्पट झाले आणि शेजारचे फ्लॅट बेट त्याला जोडले गेले. म्हणून जुन्या नकाशाशेजारी अलीकडचे उपग्रहचित्र ठेवून किनारा पुन्हा आखावा, आणि वहीत क्षेत्रफळ लिहिताना ते कोणत्या वर्षीच्या मोजणीचे आहे हेही लिहावे.