अखंड चित्रीकरणासाठी कॅमेरे घेताना आधी डिस्कचा हिशेब

घरासाठी चोवीस तास चित्रीकरण करणारी यंत्रणा घेताना कॅमेऱ्यांच्या आधी हार्ड डिस्कचा हिशेब करावा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने चित्रण साठवत असेल, तर त्याला दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते. म्हणजे चार कॅमेऱ्यांचे चित्रण १ टीबीच्या डिस्कवर जेमतेम साडेअकरा दिवस टिकते आणि पुढे जुन्यावर नवे चढत जाते. महिनाभर गावी जाणाऱ्यांनी म्हणूनच ४ टीबीची, तीही संगणकाची साधी नव्हे तर अशा अखंड कामासाठीच बनवलेली डिस्क मागून घ्यावी. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण या डिस्कवर साठवणारा डबा, इन्व्हर्टरवर जोडावा आणि, दुकानदार कितीही सुचवो, दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवू नये. चोर तोच आधी उचलतो.