बाळ घरी येण्याआधी: लंगोट, दोरी आणि सांगून ठेवायच्या गोष्टी

सातवा महिना लागला की कपाट उघडा आणि जुनं सुती कापड बाजूला काढा. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं, मलमलचं धोतर, जुन्या चादरी, सगळं चालतं. नव्या कापडात खळ असते, ते पाणी पटकन ओढत नाही आणि बाळाच्या मांड्यांना घासतं. फक्त ज्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या असतील, तिच्यातलं कापड शक्यतो घेऊ नका. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीला जाते. ही कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांत आधी कोणालाच माहीत नसतं. दुसरं कापड नसेलच तर दोनदा गरम पाण्यात धुऊन, वासाचा मागमूस राहणार नाही इतके दिवस कडक उन्हात घाला. बाळंतिणीच्या खोलीतल्या कपाटातल्या गोळ्याही आत्ताच काढून टाका.

पहिल्या महिन्यात दिवसाला पंधरा ते वीस लंगोट सहज लागतात. उन्हाळ्यात सकाळी धुतलेला लंगोट दुपारी हातात येतो, म्हणून तीन डझन पुरतात. तोच लंगोट जुलैमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत दोन दिवस दमट राहतो, तिथे पाच डझन हवेत. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब असते आणि काठ काढले की मीटरभर पन्हा उरतो. अर्ध्या मीटरचे चौकोन कापले तर हिशेबाने बत्तीस निघतात, पण बसण्याचा भाग विरलेला असतो, तो सोडून दोन डझन धरून चाला. चौकोन कर्णावर दुमडला की दुहेरी त्रिकोण होतो. दोन टोकांना त्याच कापडाच्या वीतभर नाड्या लावा. इलॅस्टिक नको, सेफ्टी पिन तर नकोच. बांधताना पुढची कड नाळेच्या खाली दुमडायची आणि दोन बोटं आत जातील इतकी सैल गाठ मारायची.

शिवून झालं की लोंबणारे दोरे कापा. सुटा दोरा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडून बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय हे कोणाच्या लक्षात येत नाही. हातमोजे-पायमोजे वापरणारच असाल तर दर वेळी उलटे करून आतून बघा. बाकी कापडात मीटरभर चौकोनी, दुहेरी दुपटी आठ-दहा, नाडीची झबली आठ, टोपडी तीन, मऊ गोधड्या दोन, मेणकापडाचे तुकडे दोन आणि पुसायला मलमलचे हातरुमालाएवढे वीसेक तुकडे. कुंची बारशापुरती एक असली की झालं. तयार कापडी डायपर विकत घेत असाल तर त्यांचे आतले सुती पॅड वापरण्यापूर्वी पाच-सहा वेळा धुऊन घ्या. पहिल्या एक-दोन धुण्यांत ते नीट शोषत नाहीत, मग ‘गळतात’ म्हणून त्यांना दोष दिला जातो. रात्री एखादा बाजारी डायपर वापरला तर काही बिघडत नाही. बाळंतिणीची सलग तीन तास झोप जास्त महत्त्वाची आहे.

धुण्याची व्यवस्था आधी लावून ठेवा, कारण ते काम बाळंतिणीचं नाही. झाकणाच्या दोन बादल्या घ्या, एक शूच्या कपड्यांना, एक शीच्या. शीचा लंगोट आधी गार पाण्याखाली धरायचा. गरम पाण्याने डाग कापडात बसतो. मग कोमट पाणी, साधा साबण आणि तीनदा स्वच्छ पाण्यातून काढणं. साबण निघाला की नाही हे बघायला धुतलेला लंगोट तांब्याभर साध्या पाण्यात खळबळवा. फेस आला तर अजून साबण आहे, आणि लघवीने ओला झाल्यावर तोच कातडीला झोंबतो. कापड मऊ करणारे सुगंधी द्रव टाळा. त्यांचा थर बसला की पाणी शोषलं जात नाही. जंतुनाशकाचीही गरज नाही, ऊन पुरतं. तेल लागलेली दुपटी आणि टॉवेल मात्र वेगळे धुवा, नाहीतर तेल लंगोटांवर उतरतं, ते शोषेनासे होतात आणि खवट वास धरतात.

पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर घरात पंख्याखाली येईल अशा जागी दोरी बांधून घ्या, लंगोट पिळल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा आणि शेवटचा दमटपणा इस्त्रीने काढा. शेगडीवर टोपली पालथी घालून ओवा-धुपाच्या धुरीवर कपडे वाळवायची जुनी रीत आता सोडावी. बंद खोलीत पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि धुराने नवजात बाळाची श्वासनलिका सुजते. शेक-शेगडी बाळंतिणीच्या खोलीत अजिबात नको. पाठ शेकायची असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे.

खोलीचं तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास बरं. पंखा चालतो, फक्त झोत थेट बाळावर नको. बाळाला पुरेशी ऊब आहे का हे हाताच्या पाठीने बघा: पोट आणि तळपाय दोन्ही उबदार हवेत. पोट गरम आणि पाय गार असतील तर एक दुपटं वाढवा. मान घामेजली असेल तर एक काढा. बाळ लहान चणीचं असेल तर सगळ्यात चांगली ऊब आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीची. नुसत्या लंगोटावर बाळाला छातीशी उभं ठेवायचं आणि वरून दुपटं पांघरायचं. यासाठी पुढून उघडणारे सैल गाऊन चार-पाच आणि वडिलांसाठी बटणांचे जुने शर्ट काढून ठेवा.

झोपायला कडक गादी हवी, खाली मेणकापड, वर घट्ट खोचलेली सुती चादर. बाळ दर वेळी उताणंच झोपवायचं. उशी, लोड, लोकरीची पांघरुणं गादीवर नकोत. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवायची पद्धत घरोघर आहे, ती सोडून द्या. रोज डोक्याची बाजू बदला आणि जागेपणी थोडा वेळ पालथं ठेवा, बाळ एकाच बाजूला पडून डोक्याला आलेला चपटेपणा त्याने हळूहळू कमी होतो. पाळणा माळ्यावरून काढला असेल तर कड्या, दोर आणि छताचा हूक मोठ्या वजनाने तपासून घ्या. दोन गजांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. साडीच्या झोळीत नवजात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो, म्हणून मान धरेपर्यंत झोळी दूर ठेवा. आईजवळ झोपवायचं तर जमिनीवरच्या गादीवर, आणि घरातलं कोणी दारू पिऊन किंवा विडी-सिगारेट ओढून त्या गादीवर येणार नाही हे आधी ठरवून.

आता न्हाणं. अंघोळ घालणारी बाई ठरवताना पैशांबरोबर कामाची पद्धतही बोलून घ्या, आणि बोलणं आजी किंवा सासूबाईंच्या समोर होऊ द्या, म्हणजे नंतर वाद नको. पहिली अंघोळ जन्मानंतर किमान चोवीस तासांनी. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते पंधरा दिवस, ओल्या मऊ कापडाने पुसणं बास. नाळेला हळद, राख, तूप, पावडर काही लावायचं नाही. ती कोरडी आणि उघडी ठेवली की आपोआप पडते. बादलीत आधी गार पाणी घाला, मग गरम, आणि कोपर बुडवून बघा. मालिशला दोन चमचे कोमट खोबरेल तेल पुरतं, हात वरून फिरेल इतकाच दाब. नाकात, कानात, टाळूवर तेल सोडायचं नाही, फुंकर मारायची नाही, नाक ओढायचं नाही. बाळाची छाती फुगलेली दिसते ती आईच्या संप्रेरकांमुळे, मुलगा असो की मुलगी. ती दाबून ‘दूध काढलं’ तर तिथे पू होतो, आणि हे अजूनही सर्रास चालतं. काजळात शिसं असू शकतं. पावडर किंवा वेखंडाची पूड उडून श्वासात जाते. पाच मिनिटांत अंघोळ आटपली पाहिजे, टॉवेल आणि कपडे आधीच उलगडून ठेवलेले पाहिजेत.

दुधासाठी विकत घेण्यासारखं जवळजवळ काही नाही. बाटली आणि डबा घरात ‘असू दे’ म्हणून आणला की दुसऱ्या रात्री, बाळ सारखं रडायला लागलं की, उघडला जातोच. १९९२ च्या कायद्याने भारतात बाळाच्या दुधाच्या पर्यायांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, तरी सल्ला देणारे घरात असतात. जन्मानंतर तासाभरात अंगावर घ्यायचं, पहिलं घट्ट पिवळसर दूध टाकायचं नाही आणि चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा, असं असेल तर पकड बरोबर. पाजताना शेवटपर्यंत दुखत असेल तर पकड चुकते आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवा आणि पुन्हा लावा. सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट होत असतील तर दूध पुरतं आहे. जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट पहिल्या आठवड्यात होते आणि दोन आठवड्यांत भरून येते, हे घरच्यांना आधी सांगा. काढलेलं दूध पाजायची वेळ आली तर स्टीलची वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं, दोन्ही दर वेळी उकळून.

सहा महिने पाणी नाही, गूळपाणी नाही, मध नाही. मधात असणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमच्या बीजाणूंमुळे तो वर्षभर वर्ज्य. बाळगुटीचा डबा कोणीतरी आणतंच: वेखंड, मुरडशेंग, अतिविष, जायफळ, हिरडा. सहाणेवर किती वळसे उगाळले यावर मात्रा ठरते, म्हणजे ती ठरतच नाही, आणि ओलसर सहाण जंतूंचं घर होते. जायफळाने बाळ ‘शांत’ झोपतं, म्हणजे दूध प्यायला उठत नाही. डबा प्रेमाने घ्या आणि वरच्या फळीवर ठेवा. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज ४०० युनिट लागतात. चिठ्ठी दवाखान्यातून निघतानाच मागून घ्या, आणि कोणत्या बाटलीचे किती थेंब ते तिच्यावर लिहून घ्या, कारण प्रत्येक कंपनीच्या बाटलीत प्रमाण वेगळं असतं.

बाळंतिणीच्या खाण्यातलं डिंकाचं काम आधी होतं, अळिवाचं होत नाही. डिंकाचे लाडू कोरडे, महिनाभर टिकतात, नवव्या महिन्यात करून ठेवा. डिंक मंद आचेवर थोडा थोडा तळा. आच मोठी झाली की वरून फुलतो आणि आत कडक गाठ राहते, ती दाताला चिकटते. अळिवाच्या लाडवात ओला नारळ असतो, ते बाहेर दोन दिवसही धड टिकत नाहीत. त्यांच्यासाठी नुसतं सामान भरा, आणि कोण करणार ते ठरवा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही समजूत चुकीची. पाजायला बसण्याच्या जागी भरलेला तांब्या ठेवा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू राहतात. त्या कॅल्शियमबरोबर किंवा चहावर घेतल्या तर अंगी लागत नाहीत.

कागदांच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि रक्तगटाचा रिपोर्ट. जन्मावेळच्या लसी बीसीजी, पोलिओचा थेंब आणि हिपॅटायटिस बी; शेवटची चोवीस तासांत. पुढच्या सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. जन्मनोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते आणि नाव नंतरही घालता येतं, तेव्हा बारशापर्यंत अडून राहू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्यांच्यासमोर वजन करून घ्या. बघायला येणाऱ्यांसाठी दाराशी साबण, आणि सर्दी-खोकला असलेल्यांनी फोनवरच अभिनंदन करायचं हा निरोप नात्यातल्या सगळ्यात मोठ्या आत्याबाईंकरवी द्यावा, त्यांचं ऐकलं जातं.

एक डिजिटल थर्मामीटर घ्या आणि एक कागद कपाटाच्या दारावर चिकटवा. त्यावर लिहा: दूध ओढत नाही, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, श्वासाबरोबर छाती आत जाते, काखेतलं तापमान साडेसदतीसला किंवा वर अथवा साडेपस्तीसच्या खाली, पहिल्याच दिवशी कावीळ किंवा पुढे तळहात-तळपाय पिवळे, हिरवी उलटी, झटके, नाळेभोवती लाली किंवा पू. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच कागदावर १०८ आणि १०२ हे क्रमांक आणि जिथे नवजात बाळांसाठी रात्री डॉक्टर असतात त्या जवळच्या रुग्णालयाचं नाव लिहा. रस्ता एकदा रात्री जाऊन बघून या, म्हणजे कोणतं फाटक उघडं असतं ते कळेल.